लिलावातली गाडी नावावर करताना अर्ज परत का येतो: फॉर्म, कागद आणि दिवसांचा हिशोब

उसाचं बिल जमा झालं की आमच्याकडं कोल्हापुरात ठरलेली गर्दी सुरू होते, हातात मोबाईल, मोबाईलवर फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाडीचा फोटो, आणि प्रश्न एकच, "भावा, बाजारभावापेक्षा लई स्वस्त दिसतीया, बोली लावू काय?" मी फॉर्म भरून द्यायचं काम करतो. तीच माणसं दोन-तीन महिन्यांनी परत येतात, गाडी दारात उभी, आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) अजून जुन्याच माणसाच्या नावावर आणि अर्ज परत आलेला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

गाडी बघायच्या आधी विकतंय कोण ते बघा, कारण पुढचे सगळे कागद त्यावर ठरतात. ऑनलाइन लिलावात साधारण तीन जण विकतात: हप्ते थकले म्हणून गाडी ओढलेली बँक किंवा फायनान्स कंपनी, अपघातात किंवा पुरात गेलेली गाडी काढून टाकणारी विमा कंपनी, आणि सरकारी खाती.

आता सगळ्यात जास्त अर्ज कशावर परत येतात, तर फॉर्म ३२ वर. त्या फॉर्मच्या नावातच जाहीर लिलाव असं आहे, त्यामुळं लिलाव म्हटलं की लोक डोळे झाकून तोच भरतात, कधी कधी एजंटसुद्धा भरतो. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमातला ५७ वा नियम वाचा, तो केंद्र किंवा राज्य सरकारनं केलेल्या, नाहीतर त्यांच्या वतीनं झालेल्या लिलावासाठी आहे. त्याच्यासोबत आरसी आणि विमा तर लागतोच, शिवाय लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम झाल्याचं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. बँकेकडं असला आदेश असणारच नाही, कुठून असेल? तरी आरटीओच्या खिडकीवर सांगतात "आदेशाची प्रत आणा", माणूस बँकेत जातो, बँकवाला म्हणतो "असलं काही नसतंय", आणि बिचारा दोन्हीकडं हेलपाटे घालत बसतो. एवढंच सांगायचं होतं ना की बाबा, तुझा फॉर्मच चुकलाय. पण ते कुणी सांगत नाही.

बँकेच्या गाडीला नाव बदलायचे नेहमीचेच फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. इथं खरी मेख आहे. २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही लागते, म्हणजे आरसीवर नाव असलेल्या कर्जदाराची, आणि त्याची गाडी ओढून नेलीय, तो कशाला सही देतोय. मग बँक कर्ज देतानाच घेऊन ठेवलेले कोरे सही केलेले फॉर्म काढून देते. सही जुळली नाही तर अर्ज परत. सही जुळली तरी ऑनलाइन अर्जाचा ओटीपी कर्जदाराच्या मोबाईलवर जातो, आणि तो फोन उचलत नाही, उचलला तर शिव्या घालतो. मूळ आरसी पण त्याच्याच कपाटात.

यावर कायद्यात सरळ रस्ता आहे, पण बँका तो स्वतःहून क्वचितच सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमात सोय आहे की हप्ते थकले म्हणून गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देत नाही किंवा गायब आहे, तर बँकेनं फॉर्म ३६ भरायचा, आरटीओ मालकाला नोटीस काढून त्याचं म्हणणं ऐकतं आणि जुनी आरसी रद्द करून बँकेच्या नावानं नवीन काढून देतं. तेव्हा मालक कागदावरही बँकच होते, सही बँकेची, आणि कर्जदाराच्या दारात जायची गरज राहत नाही. बोली लावायच्या आधी बँकेला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: आरसी सध्या कुणाच्या नावावर आहे आणि मूळ आरसी तुमच्याकडं आहे काय? फोनवर नाही, ईमेलवर. "होऊन जाईल साहेब, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर त्या गाडीचा नाद सोडा.

पात्रतेचं फार काही नाही. १८ वर्षं पूर्ण, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि लिलावाच्या साईटवर केवायसी करून अनामत भरायची, लिलाववाले तिला ईएमडी म्हणतात. बोली नाही लागली तर ती परत येते. फक्त आधारवर पत्ता पुण्याचा आणि गाडी कोल्हापूरला नावावर करायची असेल तर आधी पत्ता दुरुस्त करून घ्या, नंतर माझ्याकडं येऊन डोक्याला हात लावू नका. आणि अनामत कुणाच्या खात्यात जातीय ते बघा. संस्थेच्या नावाचं खातं नसेल, कुणाचातरी वैयक्तिक यूपीआय असेल, तर ते शंभर टक्के फसवं आहे. पैसे गेलेच तर वाट बघू नका, लगेच १९३० ला फोन करा.

मुदतीचं सांगतो, इथंही माणसं आपटतात. सगळ्यात मोठी बोली तुमची म्हणजे गाडी तुमची नाही, बहुतेक लिलाव बँकेच्या मंजुरीवर असतात आणि बँकेला दर पटला नाही तर ती नाही म्हणू शकते. मंजुरीचा ईमेल आला की पूर्ण पैसे भरायला मोजके दिवस असतात, आणि ते दिवस तुम्ही ईमेल उघडला तेव्हापासून मोजत नाहीत, मंजुरीच्या तारखेपासून मोजतात. एक जण गावच्या जत्रेत होता, ईमेल बघितला चौथ्या दिवशी, अनामत गेली. आणि सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढून भरीन म्हणणाऱ्यांनी आधी कर्ज मंजूर करून ठेवावं, एवढ्या दिवसात कुठलीही बँक चेक हातात देत नाही. बोलीच्या वर लिलावाचं शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि यार्डचं पार्किंग भाडं धरा, भाडं उशिरा गाडी नेली की वाढत जातं.

नावावर करायला मात्र ३० दिवस. १४ दिवस विकणाऱ्यानं कळवायची मुदत आहे, घेणाऱ्याची नाही, हे उलटं समजून उगाच घाबरतात. पण विम्यावर नाव बदलायला घेणाऱ्यालाच १४ दिवस आहेत. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची विमा भरपाई, कायद्यानं आपोआप तुमच्याकडं येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळत नाही. सरकारी फी अगदी किरकोळ, दुचाकीला १५० आणि चारचाकीला ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे वेगळे. हजारो रुपये सांगणारा एजंट बाकीचे कशाचे घेतोय ते त्यालाच विचारा.

गाडी स्वतः जाऊन बघा, कारण लिलावात "जशी आहे, जिथे आहे" असंच विकतात, नंतर तक्रार चालत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या ते आपल्याला सांगायला नको. धुऊन, पॉलिश करून आलेली गाडी फोटोत नवी दिसते. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, टोकाला मातकट रेघ असते, सीटच्या रुळांना गंज असतो, स्टेपनीखाली वाळलेला गाळ सापडतो. विमा कंपनीच्या गाडीत तर आरसी रद्द झालीय का ते आधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघा, रद्द असेल तर ती फक्त सुट्या भागांच्या कामाची. चेसिस नंबर पंच आहे तिथं हात लावून बघा, घासलेला, खरवडलेला असेल तर परत फिरा.

सरकारी जीपचं खूळ लई जणांना असतं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणीच पुढं चालत नाही, ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रालाच जाते. तेव्हा वर्ष बघून बोली लावा.

कर्नाटकातल्या निपाणी-चिक्कोडीकडची केए-२३ नंबरची गाडी स्वस्त दिसते. पण तिला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागते, इथं नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो खर्च बोलीतच धरा. पुणे, सांगलीच्या गाडीला नंबर तोच राहतो.

थकलेले चलन, टेम्पोचा थकलेला कर, ब्लॅकलिस्टचा शेरा, यातलं काहीही असलं की सिस्टीम अर्ज पुढं सरकूच देत नाही, आणि बँक ते भरत नाही. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवीन सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर ते काम आधी उरका. ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते हे ध्यानात ठेवा, फोटोत ट्रॉली दिसते आणि कागदात नुसता ट्रॅक्टर निघतो, असं कागलच्या एका माणसाचं झालंय.

आणि काचेवरचा जुना फास्टॅग खरवडून काढा, तो कर्जदाराच्या नावावर असतो. ब्लॅकलिस्ट झालेला असेल तर किणी टोलनाक्यावर नेहमीपेक्षा जादा टोल मोजून मगच पुढं जायला मिळतं.