फ्लाय फिशिंग (माँटॅनातील उन्हाळी ट्राउट मासेमारी)

गळावर पिसे, लोकर वा केस बांधून केलेल्या कीटकसदृश कृत्रिम 'माशी'ने मासे पकडण्याची पद्धत. माशी अत्यंत हलकी असल्याने शिसे लावलेल्या गळाप्रमाणे ती फेकता येत नाही. लवचिक काठीने जड दोरी मागेपुढे झुलवून सोडतात व तिच्या टोकाच्या बारीक तंगुसाबरोबर माशी पाण्यावर उतरते.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रोमन कवी मार्शल (इ. स. पहिले शतक) याच्या एका ओळीत स्कॅरस मासा माशीने फसतो, असा उल्लेख असल्याचे काही अभ्यासक मानतात, तथापि तेथील 'मुस्का' (माशी) हा शब्द 'मुस्को' (शेवाळ) असाही वाचला जातो आणि स्कॅरस हा शेवाळ खाणारा सागरी मासा असल्याने दुसरा पाठ अधिक संभवनीय वाटतो. इ. स. २०० च्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या ईलियनने मॅसिडोनियातील ॲस्ट्रीअस नदीवर लाल लोकर व दोन पिसे बांधलेल्या गळाचे केलेले वर्णन मात्र निःसंदिग्ध आहे. त्यातील ठिपकेदार मासे बहुधा ट्राउट (थंड पाण्यातील एक मासा) असावेत. नदी नेमकी कोणती, हे निश्चित झालेले नाही.

अमेरिकेच्या माँटॅना राज्यात कटथ्रोट ही ट्राउटची जात मूळची आहे. तेथील मॅडिसन नदीत आज प्रामुख्याने सापडणारे ब्राउन व रेनबो हे दोन्ही ट्राउट बाहेरून आणलेले असून ब्राउन मूळचा युरोपातील आहे. याच नदीवरील अभ्यासात, मत्स्यबीज केंद्रातील मासे सोडणे थांबविल्यावर नदीत जन्मलेल्या ट्राउटची संख्या वाढल्याचे आढळले आणि राज्याने १९७४ पासून नद्यांत ट्राउट सोडणे बंद केले. हा निर्णय दूरदर्शी होता.

ट्राउटचे खाद्य असलेल्या सॅमनफ्लाय या मोठ्या कीटकाची पिले तीन-चार वर्षे नदीतील दगडांखाली वाढतात. मॅडिसनवर साधारणतः जूनअखेर ते जुलैच्या प्रारंभी ती काठावर चढून कात टाकतात. पाणी तापत जाईल तसतसे हे दृश्य प्रवाहाच्या वरच्या बाजूस सरकत जाते, आणि मासेमारही त्यामागून सरकतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॅडिस व मेफ्लाय हे पाण्यात वाढणारे कीटक आणि काठच्या गवतातील नाकतोडे यांच्या प्रतिकृती वापरतात.

ट्राउटला थंड, प्राणवायूयुक्त पाणी लागते. तापलेल्या पाण्यात गळाशी झुंजून थकलेला मासा परत सोडला तरी दगावू शकतो. म्हणून पाण्याचे कमाल तापमान सलग तीन दिवस ७३° फॅ. (सु. २३° से.) वा अधिक राहिल्यास त्या भागात दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारीस बंदी घालता येते.