नागपूरचे चोळकर, १९३८ चं चीन आणि युद्धातल्या मदतीची पार्श्वभूमी

युद्ध लांबत जातं, लोकांचे हाल होऊन राहतात आणि आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, नागपुरात बसून आपण काय करणार राजेहो. म्हणून ही जुनी हकीकत लिहून ठेवतोय.

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठी चढाई केली आणि ते युद्ध थेट १९४५ पर्यंत चाललं. कोट्यवधी लोक घरदार सोडून पळाले, डॉक्टर मात्र हाताच्या बोटावर मोजण्याइतके. चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते, त्यांनी आवाहन केलं आणि लोकांनी साधारण २२ हजार रुपये जमवले. स्वतः गुलामीत असलेल्या देशानं हे केलं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टर बोटीनं निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत आहेत, पण चोळकर आपल्या नागपूरचे, पाचही जणांत वयानं सगळ्यात मोठे, त्यांचं नाव इथं क्वचितच निघतं. ते लवकर परतले, पण त्या वयात बॉम्ब पडत असलेल्या मुलखात जायला तयार झाले हे काय कमी आहे का?

ही मंडळी हान्कौला पोचली, तर ऑक्टोबरमध्ये ते शहरच पडलं, मग मागे सरकत सरकत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावर. १९४० च्या लढाईत कोटणिसांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगतात, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं शिकवणं, कारण डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले तरी त्यांच्या हाताखाली शिकलेली तिथली पोरं कामाला होतीच.

नुसत्या औषधपाण्यानं लोक उभे राहत नाहीत हेही तेव्हाच कळलं होतं. त्याच १९३८ मध्ये चीनमध्ये निर्वासितांच्या औद्योगिक सहकारी संस्था सुरू झाल्या, न्यूझीलंडचे रेवी अ‍ॅली त्यात पुढे होते. छोटे कारखाने, लोकरीची सूतकताई, ब्लँकेटं, म्हणजे पळून आलेल्या माणसाला भिकेऐवजी मजुरी.

आता नदीचं बघा. जून १९३८ मध्ये जपानी फौज अडवायला खुद्द चिनी सैन्यानंच ह्वायुआनखौजवळ पीत नदीचा बांध फोडला, लाखो शेतकरी बुडाले किंवा उघड्यावर आले. १९४३ मध्ये ४४ देशांनी, त्यात भारतही होता, मदत आणि पुनर्वसनासाठी एक संघटना काढली, तिच्या मदतीनं ते भगदाड बुजलं मार्च १९४७ मध्ये. युद्ध संपूनही दीड वर्ष उलटल्यावर कुठे नदी जुन्या पात्रात गेली, आणि त्यानंतरही गाळानं भरलेली शेतं साफ करणं बाकीच होतं.