नी पॅड आले कुठून, आणि आले तरी लोक ते काढून का ठेवतात

फरशी बसवणाऱ्या कुणाचाही गुडघा एकदा जवळून बघा. वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथे हाडाचा एक छोटा उंचवटा असतो, त्यावरची कातडी जाड आणि काळपट झालेली असते, हाताला अगदी टाचेसारखी लागते. मी स्वतः काही वर्षं हे काम केलंय आणि माझाही घट्टा तिथेच आहे, वाटीवर नाही. तरी नी पॅड, म्हणजे गुडघ्याखाली घ्यायची गादी, घेताना मी कायम वाटीसमोर किती गादी आहे तेवढंच दाबून बघायचो, आणि दुपारपर्यंत ते काढून भिंतीपाशी टाकलेलं असायचं. हे असं का होतं ते शोधायला लागलो तेव्हा कळलं की गोष्ट बरीच जुनी आहे.

म्हणजे किती जुनी, तर सीरियात अबू हुरेरा नावाची नवाश्मयुगीन वस्ती सापडलीय, तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला. त्यात, विशेषतः बायकांच्या हाडांमध्ये, पायाची बोटं, गुडघे आणि कंबर या ठिकाणी एकाच प्रकारची झीज दिसली आणि त्याचं कारण निघालं दळण! दगडासमोर गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, तासन् तास धान्य रगडायचं. दुसरं उदाहरण इजिप्तचं. अबूसीर इथे पुरलेल्या ६९ पुरुषांच्या सांगाड्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले ३० जण लेखनिक होते, म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे कारकूनच. बसून लिहिणारी माणसं, पण त्यांच्याही गुडघ्याच्या वाट्यांवर दबल्याच्या खुणा आहेत. जड काम करणाऱ्याचेच गुडघे जातात असं नाही, एकाच स्थितीत रोज किती वेळ बसता त्यालाही तेवढंच महत्त्व आहे.

मधल्या हजारो वर्षांत गुडघ्याखाली काय घेतलं जायचं याचं उत्तर साधं आहे, जे हाताशी असेल ते. गोणपाटाची घडी, चामड्याचा तुकडा, चिंध्यांची उशी. त्याकडे कुणी सुरक्षा म्हणून बघत नव्हतं, दुखणं हा कामाचाच भाग धरला जायचा. आणि खरं सांगायचं तर अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच धरलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डॉक्टर लोकांनी मात्र एक गोष्ट नीट पाहिली होती. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीखाली पातळ द्रवाच्या छोट्या पिशव्या असतात, त्यांना बर्सा म्हणतात, कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून. सतत दाब आला की पिशवी सुजते, आत पाणी भरतं, गुडघ्यावर लिंबाएवढा मऊ फुगा दिसतो. आपण सरसकट 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतो पण हे सांध्यातलं पाणी नाही, हे बाहेरचं. इंग्रजीत या दुखण्याला दोन जुनी नावं पडली. वाटीवरची पिशवी सुजली तर 'हाउसमेड्स नी', मोलकरणीचा गुडघा, कारण फरशी घासताना ती पुढे झुकते आणि भार वाटीवर येतो. वाटीच्या खालची सुजली तर 'क्लर्जीमन्स नी', पाद्र्याचा गुडघा, कारण प्रार्थनेला माणूस ताठ गुडघे टेकतो आणि भार खाली नडगीच्या टोकावर जातो. पॅड निवडताना लागणारी निम्मी अक्कल या दोन नावांत आहे असं मला वाटतं, म्हणजे गुडघे टेकणं ही एकच गोष्ट नाही, तुम्ही पुढे झुकता की ताठ बसता की टाचांवर मागे रेलता यावर दाब कुठे पडणार ते ठरतं.

नाव मिळालं तरी भरपाई मिळत नव्हती. ती सुरू झाली ब्रिटनच्या कोळसा खाणींपासून. थर बुटका असेल तर खाणकामगार उभाच राहू शकत नाही, पूर्ण पाळी गुडघ्यांवर, खाली ओलसर आणि टोकदार खडीचा चुरा, तो कातडीत घुसायचा आणि मग गुडघा सुजून पिकायचा. खाणीतले लोक त्याला 'बीट नी' म्हणायचे. १९०६ साली कामगार भरपाईचा नवीन कायदा झाला तेव्हा त्यात मोजून सहा आजार होते, शिसं, पारा, आर्सेनिक वगैरे. १९०७ मध्ये यादी वाढवली तेव्हा बीट नी आत आला, सोबत तळहाताचा आणि कोपराचा बीटसुद्धा. म्हणजे गुडघ्यावर बसून काम केल्याने होणारं दुखणं हे कामाचंच दुखणं आहे हे कायद्याने मान्य केलं.

पण मान्य झालं ते कातडीचं आणि कातडीखालचं. आतला सांधा झिजतो, म्हणजे संधिवात होतो, तोही याच कामामुळे, हे खाणकामगारांच्या बाबतीत ब्रिटनच्या यादीत यायला २००९ उजाडलं. १०२ वर्षं! फरशी आणि कार्पेट बसवणाऱ्यांसाठी तर २०१२, आणि तेही एकूण किमान वीस वर्षं ते काम केलेलं असेल तर. मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो कारण पॅडचीही मर्यादा नेमकी हीच आहे. पॅड कातडी वाचवतं, बर्सा वाचवतं, खडा टोचू देत नाही. पण गुडघा पूर्ण दुमडलेला असताना आत कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, जो दाब येतो तो पॅडने जात नाही, त्यासाठी उठावंच लागतं, पाय सरळ करावे लागतात, जमेल ते काम उभ्याने करायचं साधन शोधावं लागतं.

अमेरिकेत हा विषय तापला तो कार्पेटवाल्यांमुळे. कार्पेट ताणायला 'नी किकर' नावाचं हत्यार असतं, एका टोकाला दात जे कार्पेट पकडतात, दुसऱ्या टोकाला गादी, आणि त्या गादीवर वाटीच्या जरा वरच्या भागाने दणका द्यायचा, म्हणजे गुडघाच हातोडा. एका दणक्याचा जोर मोजला तर सुमारे ३,००० न्यूटन भरला, माणसाच्या वजनाच्या चौपट. १९९० मध्ये तिथल्या निऑश या सरकारी संशोधन संस्थेने इशारा काढला, त्यातला आकडा वाचून मी थांबलोच होतो: देशातल्या एकूण कामगारांत कार्पेटवाले ०.०६ टक्क्यांहून कमी, पण गुडघ्याच्या सांध्याला मार लागून सूज आल्याच्या भरपाईच्या दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के, अपेक्षेच्या १०८ पट. संस्थेने सांगितलं की किकरऐवजी शक्य तिथे पॉवर स्ट्रेचर, म्हणजे गुडघ्याऐवजी तरफेने कार्पेट ताणणारं हत्यार, वापरा, आणि गुडघे टेकायचेच असतील तर पॅड घाला. आधी हत्यार बदला मग पॅड, हा क्रम मला पटतो.

सामान कसं बदललं ते थोडक्यात. चामडं आणि बकलचे पट्टे होते, मग रबर आलं. १९३० मध्ये ड्यूपाँटच्या लॅबमध्ये निओप्रीन तयार झालं, ते घाम-तेलाला टिकतं आणि त्याचा फोमही बनतो. वेल्क्रोचं पेटंट १९५५ चं, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल यांचं, त्याने पट्टा हवा तेवढा सैल-घट्ट करायची सोय झाली. नंतर ईव्हीए फोम, जेल, प्लास्टिकच्या वाट्या.

युरोपने २००४ मध्ये एन १४४०४ हे मानक आणलं आणि त्यात नीट वर्गवारी झाली. पहिला प्रकार पट्ट्याने पायाला बांधायचा, दुसरा पॅन्टच्या गुडघ्यावरच्या खिशात घालायचा, तिसरा नुसतीच चटई, चौथा असा ज्याला फ्रेम किंवा बसायला आधार जोडलेला असतो. त्याशिवाय टोचण्यापासून संरक्षणाच्या तीन पातळ्या: शून्य म्हणजे फक्त सपाट जमिनीसाठी आणि टोचण्याची हमी नाही, एक म्हणजे १०० न्यूटनपर्यंत, म्हणजे साधारण दहा किलोचा भार एका टोकावर आला तरी आरपार जाणार नाही, दोन म्हणजे अवघड परिस्थिती आणि २५० न्यूटन. टाइलवाल्याला सहसा एक पुरते, खडी किंवा तोडफोड असेल तर दोन. उगाच मोठी पातळी घेऊ नका, कारण ते पॅड बहुतेकदा कडक असतं, आणि पॅडवरची कडक टोपी सपाट फरशीवर डुलते, तोल सावरायला मांडी दिवसभर ताणलेली राहते, वर नवीन फरशीवर चरे उठतात ते वेगळंच.

खाणींसाठी निऑशने पुढे गुडघ्याखालचा दाब प्रत्यक्ष मोजून पाहिला, तेव्हा दिसलं की ताठ गुडघे टेकले काय किंवा पूर्ण दुमडून बसलं काय, बहुतेक भार वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे वाटी नडगीला बांधणाऱ्या पट्ट्यावर, आणि नडगीच्या त्या उंचवट्यावर येतो, वाटीवर अगदी थोडा. पाद्र्याचा गुडघा! आणि माझा घट्टा.

त्यामुळे आता मी पॅड हातात घेतलं की आधी खालचा अर्धा भाग बघतो, तिथे गादी वाटीपाशी आहे तेवढीच जाड आहे का. मग अंगठ्याने जोरात दाबतो, फोम पार तळाला लागत असेल तर तो महिन्याभरात बसणार. पट्टे दोन असतील तर एक गुडघ्याच्या वर आणि एक खाली जावा, मागच्या घडीत आला की पाय दुमडल्यावर तो कातडीत रुततो, लाल वळ उठतो, मुंग्या येतात, आणि माझं पॅड भिंतीपाशी पडायचं ते यानेच. खिशातलं पॅड असेल तर पॅन्टच्या खिशाची उंची बघा, गुडघे टेकताना पॅन्ट वर ओढली जाते आणि पॅड मांडीकडे सरकतं, मग नेमका तो खालचा उंचवटाच उघडा राहतो. उभ्याने हे काहीच कळत नाही. घालून गुडघे टेका, पुढे झुका, टाचांवर मागे बसा, चार पावलं चालून पुन्हा टेका, आणि हात न लावता पॅड जागेवर आलं का ते बघा.