पार्श्वभूमी : कॉलनीत व्यापारी संकुल येतं ते कोणत्या वाटेनं

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार... गाव कुठलंही घ्या, तक्रार एकच. कॉलनीतला जुना बंगला पाडला जातो, भोवती पत्रे उभे राहतात आणि एक दिवस 'खाली गाळे, वर हॉल' असा बोर्ड लागतो. मग रहिवासी सह्यांचं निवेदन घेऊन पालिकेत जातात. तिथे त्यांच्यापुढे मंजूर नकाशा ठेवला जातो. निवेदनातला मुद्दा बहुतेक वेळा खरा असतो, पण त्याची वेळ निघून गेलेली असते. ती का निघून जाते, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

घर वेगळं आणि दुकान वेगळं, ही खान्देशात तशी अलीकडची सोय. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला आणि त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. धामधुमीच्या काळात उजाड झालेल्या गावात व्यापारी आणि कारागीर बोलावून वसवले, सरळ गल्ल्या आखल्या. धुळेकर आजही पत्ता 'गल्ली नंबर चार' असा सांगतात. अशा पेठेत खाली पेढी, मागे कोठार आणि वरच्या मजल्यावर संसार असे. दुकानाचा त्रास झालाच तर तो आधी दुकानदाराच्याच घरच्यांना व्हायचा. पेठेतला व्यापार शेजाऱ्यांना सोसवायचा, त्याचं हे एक मोठं कारण होतं असं मला वाटतं.

१८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगाव कापसाची बाजारपेठ म्हणून वर आलं. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गावाच्या कडेला उभे राहिले. नंतर गावच त्यांच्याभोवती वाढलं.

कॉलनी आली ती स्वातंत्र्यानंतर. शिक्षक, बँकवाले, टेलिफोन खात्यातले, रेल्वेतले नोकरदार एकत्र यायचे, गावाबाहेरचं शेत घ्यायचे, ते बिनशेती करायचे आणि ले-आउट मंजूर करून प्लॉट पाडायचे. बिनशेती आदेशात प्रयोजन लिहिलेलं असे 'रहिवास'. लोकांनी त्या एका शब्दावर विसंबून आयुष्याची पुंजी लावली. रस्ते ठेवले ते सायकली आणि एखाद-दुसऱ्या स्कूटरच्या हिशेबानं, वीस-तीस फुटांचे.

कायद्याची आजची चौकटही त्याच काळात उभी राहिली. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, दुसरा १९५४ चा. आज लागू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यानुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा नकाशा, होतो आणि निदान वीस वर्षांतून एकदा तो सुधारायचा असतो. या कायद्यात 'विकास' म्हणजे फक्त बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात ठळक बदल करणं हाही विकासच. म्हणजे एकही वीट न हलवता बंगल्याचं गोदाम केलं, तरी परवानगी लागते. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

खरा बदल झाला तो २ डिसेंबर २०२० ला. मुंबई आणि मोजके अपवाद सोडून सगळ्या राज्याला एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात रहिवासी विभागाचे दोन प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२, आणि ते ठरतात समोरच्या रस्त्यावरून. दाटवस्तीबाहेर १२ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचा प्लॉट आर-१. तिथे किराणा, दवाखाना अशा रोजच्या गरजेच्या गोष्टींना मुभा. रस्ता १२ मीटर किंवा जास्त असला की तोच प्लॉट आर-२ होतो आणि व्यापारी वापराची यादी बरीच लांबते. दाटवस्तीत ही सीमा ९ मीटरची. तेव्हा आराखड्यात कॉलनी पिवळ्या, म्हणजे रहिवासी विभागाच्या रंगात आहे, एवढ्यावर निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

रुंदीचा हा हिशेब जागेवर किती बोचतो ते पाहा. ९ मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना गटार, घराच्या पायऱ्या, विजेचा खांब, लिंबाचं झाड यांत मीटर-मीटर गेला. उरले सात. लग्नाच्या दिवशी दोन्हीकडे गाड्या लागल्या की आणखी साडेतीन मीटर गेले. राहिलेल्या साडेतीन मीटरमधून वरात, केटररचा टेम्पो आणि वेळ आलीच तर अग्निशमनाचा बंब जायचा. कुठल्याही प्रस्तावाचं मूल्यमापन मी इथूनच सुरू करीन. गाळे किती यापेक्षा गाड्या कुठे उभ्या राहणार, हे आधी विचारावं. नकाशात दाखवलेलं पार्किंग पुढे गाळ्यात बदललं जाणार नाही ना, हेही पाहावं. मग पाणी, सांडपाणी आणि आवाज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा.

आता वेळेचा मुद्दा. एकेका इमारतीची परवानगी १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४४ खाली मागितली जाते, आणि त्या टप्प्यावर शेजाऱ्यांना नोटीस देऊन त्यांचं ऐकून घेण्याची तरतूद नाही. परवानगी नाकारली तर अर्जदार अपील करू शकतो, मिळाली तर शेजारी तसं अपील करू शकत नाही. जनतेकडून हरकती मागवल्या जातात त्या प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा किंवा कलम ३७ खाली त्यात फेरबदल होतो तेव्हा. मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते, कारण ज्याच्या दारात गाड्या लागणार त्यालाच कोणी विचारत नाही.

नियम मोडून परवानगी दिली असेल तर न्यायालयाचा रस्ता मात्र उघडा आहे. उडुपीत मंगल कार्यालयाच्या इमारतीचं सिनेमागृह करायला नगरपालिकेने परवानगी दिली होती. त्या प्रकरणात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशाची बाजू उचलून धरली. खर्च होऊन गेला म्हणून बेकायदा परवानगी कायदेशीर ठरत नाही, हा त्यातला गाभा. डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या रहिवासी भूखंडावरची दुकानं पाडण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने कायम ठेवला. पण परवानगी नियमात बसत असेल, तर हे निकाल कामाला येत नाहीत.

आर-२ ठरवताना रस्त्याची आजची रुंदी किंवा आराखड्यात प्रस्तावित केलेली रुंदी, दोन्ही धरल्या जातात. म्हणून तुमच्या शहराच्या आराखड्याची सुधारणा जाहीर झाली की भाग नकाशात आपली गल्ली शोधा. जागेवर ९ मीटर असलेला रस्ता तिथे १२ मीटर दाखवला असेल, तर हरकत तेव्हाच घ्यायची : लेखी, तीस दिवसांच्या आत, पोच घेऊन.