किडीचं नाव शोधताना पुढचा प्रश्न कोणता?

द्राक्षबागेत ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीची, सुटलेली साल नखाने उचलली की खाली कधीकधी पांढऱ्या, मेणचट किड्यांची दाटी दिसते. मिलीबग, म्हणजेच पिठ्या ढेकूण. बागायतदार लगेच फवारणीच्या तयारीला लागतो. पण त्या दाटीत एखादी जरा मोठी, अंगावर लांब विस्कटलेले मेणाचे तंतू असलेली आणि डिवचताच भराभर चालू लागणारी अळी असेल, तर ती मिलीबग नव्हे. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी, आणि ती मिलीबग खाऊनच मोठी होते. हा भुंगेरा 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला. आज तो आपल्या बागांतला मोलाचा मित्रकीटक आहे. पण अळी दिसते थेट तिच्या भक्ष्यासारखी, म्हणून शत्रूबरोबर तीही मारली जाते.

किडीचं नाव चुकलं तर किंमत किती मोजावी लागते, हे आफ्रिकेने 1970च्या दशकात पाहिलं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यावर तिथे एक नवा मिलीबग पसरला. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणून किडीचे नैसर्गिक शत्रू तिकडे शोधायला सुरुवात झाली. उत्तरेकडच्या भागात तसाच मिलीबग सापडला, त्याच्यावरचे परोपजीवी कीटकही मिळाले, पण आफ्रिकेतल्या किडीवर ते चालेनात. कारण ती जातच वेगळी होती. खरी जात 1981 मध्ये पॅराग्वेत सापडली. तिथून आणलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीने कसावा वाचवला, आणि या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मग नाव शोधायचं कसं? जुनी पद्धत जोडप्रश्नांची. फ्रान्सच्या लामार्कने 1778 मध्ये वनस्पतींसाठी ती लोकप्रिय केली. पंख दोन की चार? चार असतील तर पुढच्या अमुक प्रश्नाकडे जा. पद्धत सुंदर आहे, पण एकदा चुकीच्या फाट्याला वळलात की पुढचा सगळा रस्ता चुकीच्या गावाला जातो. हिशेब करून पाहा. दर प्रश्नाला तुमचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता 95 टक्के धरली, तरी सलग 10 प्रश्न बरोबर सुटण्याची शक्यता जेमतेम 60 टक्के उरते. शिवाय पहिलाच प्रश्न मिशांच्या खंडांबद्दल असेल आणि तुमच्या नमुन्याच्या मिशा तुटलेल्या असतील, तर गाडी तिथेच अडली.

संगणकावरच्या संवादी ओळखकुंजीत, म्हणजे तुमच्या उत्तरांवरून जाती गाळत नाव शोधणाऱ्या साधनात, असा ठरलेला रस्ताच नसतो, असतो एक मोठा तक्ता. आडव्या ओळींत जाती, उभ्या रकान्यांत लक्षणं. तुम्हाला जे दिसतं तिथून सुरुवात करा, जे दिसत नाही ते सोडून द्या. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत डॅलविट्झ यांनी उभारलेली डेल्टा प्रणाली आणि क्वीन्सलंड विद्यापीठात घडलेलं ल्युसिड सॉफ्टवेअर ही या घराण्यातली दोन मोठी नावं.

मला यात सगळ्यात मोह पडतो तो ‘आता कोणतं लक्षण पाहू?’ या प्रश्नाला कुंजी जे उत्तर देते त्याचा. समजा 64 जाती उरल्या आहेत. एखादं ठळक शिंग त्यांतल्या एकाच जातीला आहे. शिंग पाहणं सोपं, पण 64 पैकी 63 वेळा उत्तर ‘नाही’ येणार. सरासरी काढली तर या प्रश्नानंतरही 62 जाती शिल्लक राहतात. याउलट जातींची 32-32 अशी विभागणी करणारं लक्षण विचारलं की उरतात 32. आणि तीन प्रकार असलेलं, 22, 21, 21 अशी वाटणी करणारं लक्षण मिळालं तर सरासरी साधारण 21. सगळी लक्षणं निम्म्याने विभागणारी मिळाली तर 64 जातींना सहा प्रश्न पुरतात आणि 1024 जातींना फक्त दहा, कारण दोनचा दहावा घात 1024. प्रत्येक उत्तरानंतर कुंजी हा हिशेब नव्याने मांडते. त्यामुळे सुरुवातीला बिनकामाचं असलेलं लक्षण चार जाती उरल्यावर निर्णायक ठरू शकतं. कुंजी करणारा लक्षणांना वजनही देऊ शकतो: भिंगाखाली दिसणाऱ्या पंखावरच्या शिरेला जास्त, वयाप्रमाणे बदलणाऱ्या रंगाला कमी.

त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे आपण कुठे चुकणार हे आधीच तक्त्यात नोंदवलेलं असतं. काही भुंगेऱ्यांचे वरचे कडक पंख इतके आखूड असतात की पोटाचा बराचसा भाग उघडा दिसतो आणि उडायचे पंख त्या आखूड झाकणांखाली घडी घालून ठेवलेले असतात. नवखा माणूस ‘पंख नाहीत’ असं उत्तर देणार. ल्युसिडमध्ये त्या जातीपुढे ‘पंख आहेत’ अशी नोंद तर असतेच, शिवाय ‘पंख नाहीत, गैरसमजाने’ अशीही करता येते. तज्ज्ञ जाणूनबुजून खोटी गोष्ट भरतो, म्हणून आपल्या चुकीनंतरही खरी जात यादीतून गळत नाही. वर एकदोन लक्षणं न जुळली तरी चालतील, अशी सूटही देता येते.

सध्या ‘फोटो काढा, कीड ओळखा, अचूक उपाय मिळवा’ असं सांगणाऱ्या ॲपची चलती आहे. पहिला अंदाज म्हणून फोटो उपयोगाचा आहेच. पण मिलीबगची जात ठरते ती काचपट्टीवर बसवलेल्या मादीच्या सूक्ष्म छिद्रांवरून आणि केसांवरून. ती फोनच्या फोटोत येतच नाहीत, तर ॲप ती पाहणार कुठून? आणि नाव सांगताना कारण न सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? कुंजी प्रत्येक पायरीला सांगते की अमुक जात या लक्षणामुळे बाद झाली. पटलं नाही तर परत भिंग लावून पाहता येतं.

मक्याचंच घ्या. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात आली तेव्हापासून ‘डोक्यावर उलटा वाय’ ही खूण गावोगावी पोचली. पण तसा फिकट वाय इतरही काही अळ्यांच्या डोक्यावर दिसतो. त्याच्या जोडीला पोटाच्या आठव्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके पाहावे लागतात. शिवाय नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीवर या दोन्ही खुणा धड दिसत नाहीत. म्हणून मराठीत अशी कुंजी करताना मक्याच्या पोंग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतल्या, अळीबद्दल पहिला प्रश्न वायचा नको, अळीच्या लांबीचा हवा. लांबी कळली की वाय आणि ठिपक्यांवर किती भरवसा ठेवायचा, ते कुंजीला ठरवता येईल.