एमपी४ न चालवणारा ‘एमपी४ प्लेअर’

दीड-दोन इंची पडद्याच्या स्वस्त प्लेअरवर ‘एमपी४’ असं ठळक छापलेलं असतं आणि एमपी४ फाइल टाकली की तो ‘फॉरमॅट एरर’ दाखवतो. फाइलमध्ये दोष नसतो. खोक्यावरचं नाव ‘एमपी३च्या पुढचं काहीतरी’ एवढंच सुचवायला असतं; अशा अनेक प्लेअरना प्रत्यक्षात हवा असतो एएमव्ही हा वेगळाच प्रकार. फाइलचं शेपूट बदलून ‘.एएमव्ही’ केल्यानेही काही होत नाही, कारण आतला माल तोच राहतो.

एमपी४ फाइलमधलं चित्र दाबून बसवणारे प्रकार, एमपीईजी-४ किंवा एच.२६४, जागा वाचवतात ते प्रत्येक चित्र पूर्ण न साठवता. मागच्या चित्रातलं काय सरकलं, काय बदललं, तेवढंच ते बहुतेक वेळा नोंदवतात. मग उलगडणाऱ्या चिपला मागचं चित्र अख्खं मेमरीत धरून ठेवावं लागतं; ३२० बाय २४० बिंदूंच्या एका चित्राला १,१५,२०० बाइट. अॅक्शन्स सेमीकंडक्टरच्या ज्या चिपांनी असे प्लेअर घरोघरी नेले, त्यांत झेड८० जातीचा ८ बिटी प्रोसेसर आणि जोडीला एक डीएसपी (आवाज-चित्राची आकडेमोड करणारा खास प्रोसेसर) असे. मूळ झेड८० १९७६ सालचा! त्याला हे ओझं पेलणारं नव्हतं.

एएमव्हीने चित्रांचं आपसातलं नातंच तोडलं. प्रत्येक फ्रेम म्हणजे सुटा जेपेग फोटो. एक लहान चौकोन उलगडा, पडद्यावर टाका, विसरून जा. जेपेग उलगडायला लागणारे आकड्यांचे तक्तेसुद्धा ठरलेले असल्याने फाइलमध्ये लिहीतच नाहीत. म्हणून त्यातली फ्रेम नुसती कापून बाहेर काढली तर फोटो म्हणून उघडत नाही, आणि तक्ते जोडून उघडलीच तर उलटी, डोकं खाली पाय वर दिसते.

या सोपेपणाची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. आवाजाचंच बघा: २२,०५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने), मोनो, दर नमुन्याला ४ बिट. सेकंदाला ११,०२५ बाइट, म्हणजे तासाला नुसत्या आवाजाचे जवळजवळ ४० एमबी. जुन्या मोबाइलच्या ३जीपी फाइलमधला एएमआर पद्धतीचा आवाज सेकंदाला जास्तीत जास्त १२.२ किलोबिट घेतो, तासाला साडेपाच एमबी. पण तो बोलण्यासाठी घडवलेला. गाणं त्यात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं.

फाइल बनवायला एफएफएमपेग या मोफत रूपांतर प्रोग्रामची नवी आवृत्ती पुरते. आकार पडद्याइतकाच ठेवा, कारण लहान-मोठं करून दाखवण्याची ताकद या प्लेअरमध्ये सहसा नसते. उंची १६च्या पटीत हवी: १६० बाय १२८ चालतं, १६० बाय १२० वर काही प्लेअर अडतात. रुंद चित्र ताणू नका. आधी १६० बाय ९० करा, मग वर १८ आणि खाली २० ओळी काळ्या भरा. बरोबर मधोमध म्हणून १९-१९ करावंसं वाटेल. पण रंगाची माहिती दोन-दोन ओळींची मिळून साठवलेली असते, म्हणून सम आकडा बरा.

खरी मेख आवाजाच्या ठोकळ्याची. एएमव्हीत एक फ्रेम, एक आवाजाचा ठोकळा, अशी काटेकोर आळीपाळी असते. ठोकळ्यातले नमुने म्हणजे २२,०५० भागिले सेकंदाच्या फ्रेम. १५ फ्रेमना बरोबर १,४७० येतात. १६ फ्रेम घेतल्या तर १,३७८.१२५, अपूर्णांक टाकावा लागतो आणि तासाभरात चित्र-आवाजात सुमारे तृतीयांश सेकंदाची फट पडते. ओठ आणि शब्द जुळेनासे व्हायला तेवढी पुरे. म्हणून १० किंवा १५ फ्रेम निवडाव्यात.

उलट दिशेने, जुन्या एएमव्ही फाइल वाचवायच्या असतील तर एफएफएमपेग त्या थेट वाचतो. एच.२६४ मध्ये बदलताना आकार मोठा करू नका. नसलेला तपशील येत नाही, कडांचे चौकोन तेवढे ठसठशीत होतात. मूळ फाइलही जपून ठेवा, कारण रूपांतराच्या प्रत्येक फेरीत थोडं चित्र झिजतंच.