एबीएसचा फ्यूज काढला की ब्रेक खरंच चांगले लागतात?

‘एबीएसमुळे गाडी उशिरा थांबते, फ्यूज काढून टाका, ब्रेक कडक लागतील’ हा सल्ला एबीएसबद्दल (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो आणि ब्रेक सुटल्यासारखा वाटतो.

खरं तर तेव्हाच एबीएस काम करत असतं. चाक लॉक व्हायला, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं की सेन्सरला ते कळतं आणि ब्रेकचं प्रेशर सेकंदात अनेकदा कमी-जास्त केलं जातं. चाक फिरत राहतं, म्हणून स्टिअरिंगचं ऐकतं. लॉक झालेलं पुढचं चाक कितीही वळवा, गाडी सरळच घसरते. पहिल्या पावसात पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला, तर बाजूने निघायला हेच स्टिअरिंग लागतं.

या समजात तथ्य एवढंच, की सुट्या खडीवर एबीएसची गाडी थोडी लांब थांबू शकते. रोजच्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः ओल्या, तसं सहसा होत नाही. शिवाय फ्यूज काढला की बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी यंत्रणाही बंद पडते. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते.

तपासायचंय? चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून काही क्षणांत विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला तर गाडी मेकॅनिककडे न्या. ब्रेक खरोखर कमी लागत असतील तर आधी टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बघायला सांगा.